अकराव्या मैलावरचं घड्याळ

उमरखेड, बुधवार, २७ डिसें. ६१

आज चौथा दिवस. सकाळी साडेसहा ते नऊ अकराव्या मैलाच्या दगडापाशी, शर्यतीच्या सरावाला जाणाऱ्या सायकलवाल्यांची वेळ टिपत. थंडीने बोटं आखडतात, घड्याळाचं बटण दाबायला किंचित उशीर होतो. तो सगळ्यांच्याच बाबतीत सारखा, असं धरून चालले आहे.

घड्याळ शाळेचं. खेळाच्या कपाटातलं. मोठ्या बाईंनी नाक मुरडूनच दिलं.

सडक बाबांची. म्हणजे सरकारची, पण नववा ते बारावा मैल बाबांकडे. मैलकुली. वीस वर्षं तेच खड्डे, तीच खडी. मी वेळ टिपते, ते झाडू मारतात. मधेच म्हणाले, "जातानाचा टैम धर व, येतानाचा नोको धरू. येताना उतार हाये. उतारावर तं दगडबी पयते."

खरंच की. मागच्या तीन दिवसांचे अर्धे आकडे खोडले. बी. ए. झालेली मुलगी, आणि उतार दिसला नाही.

दोन बैलगाड्या गेल्या कापूस घेऊन. गाडीवान: "मास्तरीणबाई, मोटार चुकली काय?" काल एस.टी.च्या कंडक्टरनेही तेच विचारलं. सडकेवर उभ्या बाईची एवढी एकच गोष्ट लोकांना सुचते.

रविवार, ३१ डिसें.

तक्ता पुरा झाला. लिहून ठेवते.

शर्यत चार टप्प्यांची. उमरखेडहून महागाववरून पुसद, पुसद–दारव्हा, दारव्हा–यवतमाळ, आणि शेवटचा लांब टप्पा मारेगाववरून वणी. चारही वेळांची बेरीज, ज्याची कमी तो पहिला. सगळे पगारी सायकलवाले, कुणी कापसाच्या जिनवाल्याचा, कुणी सायकल-दुकानवाल्याचा. पुसदच्या साप्ताहिकाचे नानासाहेब, ज्यांच्याकडे मी अधूनमधून लिहिते, त्यांना 'पहिले पाच कोण' हा अंदाज माझ्याकडून हवा आहे. पण पानटपरीवरचा नको, मोजलेला हवा, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

मोजला. सतरा जण, पहिला टप्पा इथून म्हणून सगळे सरावाला इथेच उतरलेले. आणि माझ्या आकड्यांत पहिला येतो वसंता. माझा दादा.

दुसरा रामधन, महागावजवळच्या तांड्यावरचा. तिसरा यवतमाळचा गुलाब. दादा आणि रामधन दोघेही इथल्या एकाच शेठचे गडी.

तीनदा बेरीज केली. तीच येते.

मंगळ., २ जाने. ६२

रात्री ठरवलं, सकाळी बदललं नाही. दादाचं नाव काढून टाकलं. यादीत रामधन पहिला, गुलाब दुसरा, मग बाकीचे.

कारण: सख्खा भाऊ. लोक म्हणतील, बहिणीने भावाला चढवलं. मग बाकीच्या चार नावांवरही कोण विश्वास ठेवील? निःपक्षपातीपणा पाळायचा तर पहिला घरी पाळायचा.

नानासाहेब खूश. खाली माझं नाव घालाल ना, विचारलं.

"सुमनताई, सायकलीच्या मजकुराखाली बाईचं नाव? वाचणारे मजकूर सोडतील अन् नावच वाचत बसतील."

'आमच्या खास बातमीदाराकडून' असं जाणार. सात दिवस थंडीत उभी राहिले ती खास बातमीदार.

शुक्र., ५ जाने.

छापून आलं. दादाने जेवताना वाचलं. सातवीत शाळा सोडली तरी वाचतो सगळं, ओळीखाली बोट ठेवून. पाचही नावं वाचली. मागचं पान उलटून पाहिलं, तिथे काही नव्हतं.

"माह्यं नाव नाई."

"तू घरचा आहेस, दादा. बरं दिसलं नसतं."

"म्हंजे घरचा हाओ म्हनून सडकेवरचा नाई?"

माय म्हणाली, "जेवू दे त्याले." तो जेवला सगळं. ताट धुऊन ठेवलं. तो ताट धुतो तेव्हा रागावलेला असतो.

मी यवतमाळला कॉलेजात होते तेव्हा दर महिन्याला पिठाचा डबा आणि लोणचं घेऊन इथून सायकलने यायचा. डबा वसतिगृहाच्या फाटकावर द्यायचा, पाणी प्यायचा, परत निघायचा. त्याच फेऱ्यांत त्याचे पाय असे झाले. थकला की मान डावीकडे झुकते. फाटकावरून तो दूर जाताना मान झुकलेली दिसायची, आणि मी म्हणायचे, दमला बिचारा, आणि आत जाऊन पुस्तक उघडायचे.

रवि., ७ जाने.

वाईट झालं.

शेठने आपल्या तिघा गड्यांना जिनमध्ये बोलावलं. साप्ताहिक पुढ्यात. म्हणाले, पेपरात रामधन पहिला आहे, तर आपला म्होरक्या रामधन. बाकीच्या दोघांनी त्याच्यासाठी चालवायचं. वारा आपल्या अंगावर घ्यायचा, त्याचं चाक गेलं तर आपलं काढून द्यायचं. नियमाने फक्त आपल्याच टीमच्या माणसाला चाक देता येतं, म्हणून तर तीन-तीन गडी ठेवतात.

असं असतं हे मला माहीतच नव्हतं. मी पाय मोजले. कुणाचे पाय कुणासाठी चालणार हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

दादाला विचारलं, तू काही बोलला नाहीस?

"काय बोलू? तूच लिवलं ना."

सोम., ८ जाने.

शाळा सुटल्यावर जिनमध्ये गेले. शेठजींनी खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं सांगितलं: आकड्यांत वसंता पहिला होता, भाऊ म्हणून मी नाव काढलं. तक्ताही दाखवला.

त्यांनी नीट ऐकलं. मग, "बाई, पेपरात लिखलं तेबी तुमीच. आता सांगून राह्यल्या तेबी तुमीच. मंग झूठ कोनतं?"

"खोटं काहीच नाही. पेपरात अर्धं होतं."

"मंग हे पूरं हाये, का भावासाठी हाये?"

भावासाठीच तर गेले होते. तक्ता खरा असून माझ्या हातात खोटा झाला. चहा तसाच ठेवून उठले.

बुध., १० जाने.

पुसदला जाऊन आले. नानासाहेबांना म्हटलं, दुरुस्ती छापा.

"चूक झाली तर दुरुस्ती छापतात. तुमची चूक कुठे झाली? मत होतं."

"मत नव्हतं. मोजमाप होतं."

"मग तर मुळीच नाही. मोजमाप बदललं म्हणून छापलं तर उद्या आमचं कोण वाचणार?"

येताना मोटारीत जागा नव्हती. महागावपर्यंत उभी. फार चिडले होते आणि कुणावर ते ठरेना.

रवि., १४ जाने., संक्रांत

रामधन तिळगूळ द्यायला आला. दारातच उभा. दादा घरी नव्हता, बरं झालं, किंवा वाईट.

"बाई, तांड्यावरच्या गुरुजीनं तुमचा पेपर याडीले वाचून दाखवला. याडीनं चार डाव वाचाले लावला. आता रोज म्हणते, माह्या रामधनचं नाव छापून आलं." आईला ते याडी म्हणतात.

मी म्हटलं, तुमचं नाव खरंच होतं.

"होतं. पण वसंताच्या मागं होतं. आमी दोघं दोन वर्सं संगं चालवून राह्यलो, मले नाई का मालूम?" तिळगूळ हातावर ठेवला. "मी शेठले सांगतलं. शेठ म्हणे, तुले मोठा करून राह्यलो तं तुले कायले दुखते?"

भला माणूस आहे. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मंगळ., १६ जाने. पहिला टप्पा

घड्याळ पुन्हा मागून आणलं. बाबांनी पहाटे त्यांचे चारही मैल झाडले होते. एक काडी नाही. नंतर कुंपणाच्या बाभळीच्या काट्यांनी भरलेली गाडी गेली. बाबा तिच्यामागे कितीतरी चालत गेले, वाकून वाकून काटे वेचत. एक राहिला.

सगळे एकत्र आले. गुलाब पुढे, पांढरा बनियन. मागे शेठचे तिघे लाल बनियनमध्ये, त्यांत दादा पुढे, वारा अंगावर घेत. माझ्या दगडापासून वीस पावलांवर रामधनचं पुढचं चाक बसलं.

दादा उतरला. आपलं पुढचं चाक काढलं, रामधनला दिलं. रामधन आणि तिसरा गडी निघून गेले. रामधनने दोनदा वळून पाहिलं.

मग दादा रस्त्याच्या कडेला बसला, काटा काढला, ट्यूब घासली, पट्टी लावली, पंप मारला. बाबा तीन हातांवर उभे, झाडू हातात. बाहेरच्या माणसाने हात लावला तर स्पर्धक बाद. बाबांचे हात नुसते उघडत-मिटत होते.

आणि मी बटण दाबलं होतं. सवयीने. दादा उतरला तेव्हा दाबलं, पुन्हा सायकलवर बसला तेव्हा दाबलं.

सहा मिनिटं दहा सेकंद.

जाताना म्हणाला, "लिवलं का?"

बुध., १७ जाने.

रजा मागितली. मोठ्या बाई: "शिक्षिकेने सायकलवाल्यांच्या मागे जिल्हाभर हिंडायचं?" नामंजूर. मी उद्याच्या मोटारीने जाणार. सोमवारी काय होईल ते होईल.

माय रडली. बाबा म्हणाले, "जाऊ दे. तिनंच गाठ मारली, तिलेच सोडू दे."

यवतमाळ, गुरु., १८ जाने.

मैत्रिणीकडे उतरले आहे. नानासाहेब शर्यतीच्या जीपमधून आले. मी विचारलं होतं, जीपमध्ये बाईला जागा नाही म्हणाले. जीपमध्ये तीन माणसं आणि एक सतरंजी होती.

तीन टप्पे झाले. गुलाब पहिला. रामधन त्याच्या मागे पन्नास सेकंदांवर. दादा चार मिनिटं वीस सेकंदांवर. म्हणजे घाटात रामधनला सोबत करूनही, वारा अंगावर घेऊनही, गमावलेल्यातली जवळपास दोन मिनिटं भरून काढली. सहा-दहा वजा केले तर आज तो पहिला असता.

वजा केले तर. मी सारखी तीच वजाबाकी करते आहे.

शुक्र., १९ जाने., विश्रांतीचा दिवस

नानासाहेब इथल्याच छापखान्यात एक पान काढणार आहेत: 'शेवटच्या टप्प्याचा अंदाज'. मला लिहायला सांगितलं. आणि, "या वेळी तुमचं नाव घालू. पहिला अंदाज जवळजवळ बरोबर निघतो आहे, लोक विचारताहेत कोणाचा."

बरोबर निघतो आहे! मीच तो बरोबर करून ठेवला.

धर्मशाळेत सायकलवाल्यांची सोय आहे, तिथे गेले. दादा सायकलची साखळी पुसत होता. त्याला सांगितलं, आज पूर्ण लिहिणार.

"नोको लिहू, सुमे. शेठ म्हनीन, मी फितूर झालो."

"पण खरं आहे ते."

"तुह्यं खरं तू कागदावर लिहिते आन् मले ते सडकेवर चालवा लागते. मागच्या डावी नाव नाई लिवलं, मी मागं गेलो. आता लिवशीन तं मी बाहेर जाईन."

रामधन बाजूलाच भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "लिवा बाई. मी मारेगावच्या अलीकडं याले म्हनीन, पुढं जाय."

दादा: "मी शेठले जबान देली हाये."

रामधन: "मलेबी म्होरक्या केलं हाये ना? मंग म्होरक्याचं आयक."

दादा साखळी पुसत राहिला. मग मला म्हणाला, "जा तू. उन्हं चढून राह्यली."

तो 'नको' म्हणाला. 'जा' म्हणाला. 'लिही' म्हणाला नाही.

तीच तारीख, रात्री

लिहिलं. पहिला वसंता, दुसरा रामधन, तिसरा गुलाब. सगळे आकडे, अकराव्या मैलावरचे सहा-दहा सुद्धा. आणि वर, सगळ्यांत आधी, ही ओळ: 'वसंता हा माझा सख्खा भाऊ आहे. हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत. पहिल्या यादीतून त्याचं नाव मी याच कारणाने गाळलं होतं, ते चुकलं.'

नानासाहेबांनी दोनदा वाचलं. "असं कुणी लिहितं का, ताई?" पण खिळे जुळवायला दिलं.

संध्याकाळी शेठजींनी चौकात पान वाचलं म्हणे. घडी घातली, खिशात ठेवलं. दादाला काढलं नाही. धर्मशाळेत कुणाला आत सोडत नाहीत आता.

सडकेवर, मारेगावच्या अलीकडे. शनि., २० जाने.

सहाच्या मोटारीने येऊन इथे उतरले. दगडावर वही ठेवून पेन्सिलने लिहिते आहे. इथला मैलकुली म्हातारा आहे. आल्या आल्या विचारलं, "मोटार चुकली काय, बाई?" म्हटलं, नाही, भाऊ येणार आहे. "मंग बसा ना," म्हणाला, आणि माझ्यासाठी दगड झाडून दिला.

सडक सरळ, दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. पुढे लांबवर चढ, चढावरून आले की दिसतात.

पावणेअकरा. कुणी नाही.

अकराला पाच. शेठजींची जीप येऊन गेली, वणीकडे. शेठजी पुढेच बसले होते, त्यांनी मला पाहिलं. जीप थांबली नाही.

अकरा वाजून दोन. म्हातारा म्हणतो, "आले."

एकच आहे. चढावर. मागे कुणी नाही, गुलाबचा पांढरा बनियन नाही. लाल आहे. रामधनही लाल, दादाही लाल. मागून पांढरा येईपर्यंत किती मिनिटं जातात ते मोजायचं आहे, दादा असेल तर चार-वीसहून जास्त हवीत, बटणावर अंगठा आहे, दाबायचं तो दगडापाशी आल्यावर.

म्हातारा विचारतो, "तुमचाच का?"

खाली वाकून चालवतो आहे. धूळ फार. मान कुणीकडे झुकली आहे ते अजून दिसत नाही.