स्पीकरवरची खुशाली

आणे,
७ एप्रिल २००५

प्रिय सोपान,

पत्र बघून दचकू नकोस, घरातले सगळे हिंडते-फिरते आहेत. परवा फोनवर तू विचारलंस, ताई, आवाज असा का? मी म्हणाले, उन्हानं घसा धरलाय. घसा ठणठणीत आहे माझा. पण आमचा फोन बैठकीत, आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तो सदा स्पीकरवर. मी हॅलो म्हटलं की त्या पलंगावरून विचारणार, "काय म्हनतोय सोपान? मलाबी कळू दे की." मग आम्ही दोघी मिळून तुझ्याशी बोलतो. तुला वाटतं, दर आठवड्याला फोन होतो म्हणजे ताई जवळ आली. अरे, तू दोन-तीन महिन्यांतून एकदा एसटीनं यायचास तेव्हा मी जास्त जवळ होते. तुला स्टँडवर सोडायच्या निमित्तानं निघायचे आणि वाटेत सगळं बोलून घ्यायचे. फोन आला आणि शहाण्या, तुझं येणंच बंद झालं.

गेल्या वर्षी दारात नळही आला. आमच्या पठारावर नळ म्हणजे केवढी चैन. डोक्यावरचा हंडा गेला, मानेचं दुखणं गेलं, खोटं कशाला बोलू. पण विहिरीवर चार जणींत बोललं की काहीतरी वाट सापडायची. ठमाबाई माझी इथली एकुलती एक मैत्रीण, समोरच्याच घरात राहते, आणि तिच्याशी नीट बोलून महिना झाला. पाण्याला जाते म्हणून घरातून निघता यायचं. नुसतं बोलायला जाते म्हणून कसं निघू? दिवसभर ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फिरत असते झालं.

यांनी मोबाइल घेतला तो कांद्याचे भाव कळावेत म्हणून. आता त्याच्यावर भावाबरोबर बाकीचंही ठरायला लागलंय. पूर्वी स्थळ जमवायचं म्हणजे मध्यस्थ, हेलपाटे, रुसवेफुगवे. त्यात दोन-चार महिने सहज जायचे आणि घरातल्या बाईला एखादा शब्द टाकायला जागा मिळायची. या वेळी यांनी कांदा भरता भरता शेतातूनच होकार देऊन टाकला. मुलगा मढचा, अठ्ठावीस वर्षांचा. हुंडा नको, वर लग्नही तेच करून देणार. हे हरखून गेलेत, सगळ्यांना सांगत सुटलेत. मला मात्र संताप येतो. मशीनवर बघून बघून लोकांनी मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, आणि आता मुलांना बायका मिळेनात म्हणून दहावीच्या पोरींकडे वळलेत.

होय, आपल्या वृषालीचंच चाललंय. सोळा अजून पुरी व्हायचीत तिला. शेवटचा पेपर देऊन आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आई, मला अकरावीला सायन्स घ्यायचंय. तू बोलत न्हाईस, निदान मामाला तरी सांग." मी एकदा बोलून बघितलं, पण हे म्हणाले, शब्द गेलाय. माझं इथं चालत नाही, तुझं चालेल. सुट्टीत मामा न्यायला आला तर भाचीला कुणी अडवत नाही, आणि मामानं आणल्याशिवाय आमच्यात नवरी बोहल्यावर येत नाही. पुढच्या आठवड्यात साखरपुड्याचं ठरवायला माणसं येणार आहेत. त्याच्या आत ये, कुणाला न कळवता ये. तिला तुझ्याकडे पेठला घेऊन जा आणि तिकडच्याच कॉलेजात नाव घाल. इथली भांडणं मी निस्तरेन. पत्र वाचून तुला आधी फोन करावासा वाटेल. केलास तर मी सांगेन, स्थळ लई चांगलं आहे, वृषाली खूश आहे, आणि माझा आवाज जरासुद्धा कापणार नाही. त्यातलं काही खरं धरू नकोस.

तुझीच,
इंदूताई