तिकडे ब्रेक नाही

अहो,

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वेड लागलंय का तुला?" पण ठरलंय. गाडी मीच चालवणार. आधी धबधबे, मग तुम्ही कपाटाच्या दाराला आतून ज्याचं चित्र चिकटवलं होतंत, तो थंडावलेला ज्वालामुखी. सूनबाई सोबत येतेय.

तुमच्या शेजारी बसून मी जन्मभर पायाखालची चटई दाबत आले. तुम्ही हसायचात, "अगं, तिकडे ब्रेक नाही!" शेवटी चटईला भोक पडलं, पण खोड काही गेली नाही.

काल घाटात सराव केला. एका वळणावर सूनबाईचा पाय नेमका त्याच भोकावर दाबला गेला. तुमचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि हसलेही अगदी तुमच्यासारखीच.

चटई बदलणार नाही. हे पत्र तिच्याखालीच ठेवते.

तुमची,
ड्रायव्हरच्या सीटवरून