एक डबा, आठ फोटो

१२ फेब्रुवारी १९५५. सावदा.
आजपासून सामान कमी. निश्चय पक्का.
कालच्या लग्नात स्टँड-कॅमेरा, तिपाई, काळं फडकं आणि हंसांचा पडदा वाहून नेला. सगळं मांडून होईतो नवरानवरी जेवायला बसलेले. वरबाप म्हणाला, पंगतीचा तरी काढा. तेवढ्यात एका पाहुण्याने साध्या डबा-कॅमेऱ्याने हसत हसत आख्खं लग्न काढलं.
माझ्याकडेही तसला डबा आहे, ट्रंकेत पडून. आज तोच घेऊन केळीच्या बागेत गेलो. दोन फोटो काढले. दोन वर्षांत पहिल्यांदा मजा आली.

१५ फेब्रुवारी.
मोठं सामान पितांबरला देऊन टाकलं. आमच्या केळीच्या डेपोतला कारकून. तीनदा विचारलं त्याने, नक्की ना? म्हटलं, कलावंताला ओझं नको.
उखर्डू माझ्याबरोबर वॅगनमध्ये घड रचतो. तो म्हणाला, "बरं झालं भो, हात मोकळे झाले. आता घड उचल."
त्याला कला कळत नाही.

१ मार्च.
गावाहून अभिमनभाऊचं पत्र. गावच्या शाळामास्तरांच्या हातचं. बाप गेला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता. आता मायला त्याचा चेहरा धड आठवत नाही, म्हणून रडते. म्हणते, माझा एक काढून ठेवा, नातवंडांना मी विसरायला नको. पण काढील तर सुकदेवच, म्हणजे मी.
डोळ्यांत पाणी आलं. पाडव्याला जाणार. डब्यात आठाचा रोल, चार झाले, चार बाकी. एक मायचा, राखीव.
उत्तरात सविस्तर सूचना लिहिल्या. डब्याला फ्लॅश नसतो. माणसाच्या तोंडावर कडक ऊन पाहिजे, हलायचं नाही, पापणी मिटायची नाही. मायला सवय नाही. तरी रोज अकराला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवावं. मी येईतो.
चौथी शिकलेल्या माणसाने इतकं मुद्देसूद पत्र लिहिलं नसेल.

२६ मार्च.
पाडवा झाला. जमलं नाही. वॅगनी फार होत्या. शिवाय त्या दिवशी आभाळ होतं, म्हणजे गेलो असतो तरी फुकट.
गाडीच्या इंजिनाचे दोन काढले. ते हात चुकू नये म्हणून.

९ एप्रिल.
भाऊचं पत्र. माय रोज बसते. नवं लुगडं नेसून. आधी पापणी लवायची, आता लवत नाही. गल्लीतल्या बाया पाहायला येतात. विचारतात, म्हातारी काय सूर्याशी भांडते का?
समाधान वाटलं. लांब राहूनही माणूस शिकवू शकतो.
आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नक्की.

२७ एप्रिल.
आखाजी गेली. पितांबर आपण होऊन म्हणाला, मोठा कॅमेरा घेऊन मी येतो तुझ्या गावाला, ओसरीवर सावलीत बसवू, दोन मिनिटांचं काम. स्पष्ट नाही म्हटलं. मायचा फोटो हा तत्त्वाचा प्रश्न आहे.
हल्ली लग्नं सगळी पितांबरला मिळतात. मोठ्या सामानाचा तोच तोटा, फुरसत राहत नाही.
सातवा गेला. कुत्रं होतं. हललं.

८ मे.
ऊन अफाट. लाईट उत्तम. उखर्डूला बटण शिकवलं आणि फलाटावर माझा एक काढून घेतला. कमी सामानातला कलावंत, असा. तो म्हणाला, "मायचा राखून ठेवला होता ना रे?" म्हटलं, जळगावला गाडी बदलताना नवा रोल घेता येतो.

१० मे.
तार. मास्तरांनी इंग्रजीत केलेली. स्टेशन मास्तरने वाचून सांगितली. माय सिरियस, ये.

११ मे. गाव.
दोंडाईच्याला, गावाजवळच्या स्टेशनवर, उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. जळगावला फोटोचं दुकान उघडायच्या आत गाडी सुटली होती.
माय पहाटे गेली. माझ्यासाठी ठेवली होती.
अंगणात लाकडी पेटीला टेकवून बसवली. नवं लुगडं. तोंड उन्हाकडे. भाऊ एका बाजूला, वहिनी दुसऱ्या, पोरं पुढे. भाऊ म्हणाला, "काढ भो फोटू. बठ्ठा उभा शेतस."
डब्याच्या मागच्या लाल खिडकीत पाहिलं. आकडा नव्हता. रोल संपलेला.
सगळे उभे राहून माझ्याकडे पाहत होते. सूर्य पाठीशी घेतला. हलू नका म्हटलं. बटण दाबलं.
माय अजिबात हलली नाही.
भाऊने सुटकेचा श्वास टाकला. भागावहिनी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तुमना कागद उना तैपाईन माय रोज उन्हात बठे. नही म्हनं तरी ऐके ना. परवा तठेच पडनी." म्हणजे माझं पत्र आल्यापासून रोज बसायची, परवा तिथेच पडली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.
वहिनीला फोटोग्राफीचं ज्ञान नाही. सकाळी अकराचं ऊन म्हणजे काही एवढं नसतं. मी अकरा लिहिलं होतं. बारा नाही.

२९ मे. सावदा.
रोल धुवून आला. केळी दोन. इंजिन वगैरे ठीक. कुत्रं अस्पष्ट. माझा फोटो मात्र सुरेख. पापणी मिटलेली नाही.
उखर्डूने गठ्ठा उलटसुलट पाहिला. म्हणाला, "माय कुठे आहे यात?" कामाला लागलो.

१२ जून.
भाऊचं कार्ड. ओसरीच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे. काच-चौकटीचंही सांगून ठेवलं आहे. धाकटी रोज विचारते, आजी कधी येणार? फोटो केव्हा पाठवतोस?
तीन उत्तरं लिहिली, फाडली. पितांबरकडून मोठा कॅमेरा परत मागावा असं मनात आलं. पण आता काढायचं काय?
दुपारी चौथं लिहिलं. थोडक्यात. सामान कमी तसं शब्दही कमी बरे.
भाऊ, फोटो आला नाही. ऊन कमी पडलं.