चार खेपा, तरी एमआरआय नाहीच

उंद्री

प्रिय जयाताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून देशील, म्हणून पत्ता ह्यांच्या हातून लिहून घेतला. फोन करून काय उपयोग? दोन वर्षांत तू एकदाही उचलला नाहीस.

महिनाभर पोट दुखत होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. उपाशी या, लघवी रोखून धरा. चिखलीला जाऊन मी तीन बाटल्या पाणी प्यायले आणि डॉक्टर तेवढ्यात ऑपरेशनला निघून गेले! दोन तास कळ काढली, शेवटी राहवलं नाही. ते आल्यावर तिथली बाई म्हणते, "मावशी, पुन्हा पाणी प्या." असा राग आला म्हणून सांगू!

त्यात लिव्हरजवळ गाठ दिसली. मग बुलडाण्याला सीटी स्कॅन. तिथं पुन्हा उपाशी गेले, तर म्हणे किडनीचा रक्ताचा रिपोर्ट आणा, त्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. हे आधी फोनवर सांगायला काय झालं होतं? रिपोर्ट हातात येईस्तोवर नंबर गेला. शुगरची गोळी घ्यायची की बंद ठेवायची, हे एकजण एक सांगतो, दुसरा दुसरंच. बाकड्यावर मला घेरी आली. हे तर काउंटरवर भांडायलाच उठले, "माणूस मरून राह्यलं अन् तुम्ही तारखा देऊन राह्यले!" तिसऱ्या खेपेला सीटी झाला एकदाचा. त्यातही नीट कळेना, म्हणून एमआरआय.

सागरला यातलं काही सांगितलं नाही. त्याची परीक्षा चालू आहे. फोनवर विचारतो, "आई, आवाज काऊन असा येऊन राह्यला?" मी म्हणते, पित्त झालंय.

काल एमआरआय होता. जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं, नथनी साबण लावून ओढली. टेबलावर झोपले, मशीनमध्ये सरकवणार, तेवढ्यात तिथल्या मुलीनं विचारलं, "मावशी, आधी कधी ऑपरेशन झालं का?" मी म्हटलं, लहानपणी कानाचं, आत बारीक तार बसवली होती. तिनं मला लगेच खाली उतरवलं. तार कोणत्या धातूची, त्याचा कागद आणल्याशिवाय मशीनमध्ये घेणार नाही म्हणाली. आता सोमवारची तारीख दिलीय.

ताई, कागद असला तर तुझ्याकडेच असेल. कानाच्या ऑपरेशनच्या वेळी अकोल्याला माझ्या खाटेजवळ अकरा दिवस तूच बसली होतीस. तेवढा शोधून फोटो पाठव. पण नुसत्या कागदासाठी मी चार पानं फाडून हे पाचवं लिहिलं नसतं. आईचा आजार माझ्यापासून लपवलास म्हणून दहाव्याला चार लोकांत मी तुला नाही नाही ते बोलले. परवा सागरला पित्त म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर कळलं, तुला आईनंच शपथ घातली असणार. तू एवढा अपमान गिळलास, पण तिचं नाव घेतलं नाहीस. माझं चुकलं गं. सोमवारी मला खूप भीती वाटणार आहे. कागद सापडो न सापडो, तू ये.

अजूनही तुझीच भांडखोर,
सुवर्णा