माऊलीच्या पेटीतली वही

अल हैल, मस्कत

प्रिय एल्यास,

फोनवर तुझ्याशी भांडता आलं नाही म्हणून कागद घेतलाय. तसंही तू बोलायला लागलास की मी शाळेतल्यासारखा मागे पडतो. गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की तू पहिल्या कडव्याला अडायचास आणि मी मागून हळूच ओळ पुरवायचो. मार्क मात्र तुला मिळायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच.

आपल्या प्रार्थना मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाची स्मरणिका मिळाली. छान छापलीय. पहिल्याच पानावर तुझा फोटो आहे आणि ती लाकडी पेटी. वसईहून येताना तू तिच्यातली मारियामाऊलीची मूर्ती लोकरी मोज्यांत गुंडाळून आणली होतीस, आठवतं? इथे मस्कतला, अझैबाच्या माझ्या दोन खोल्यांत आपण तीन कुटुंबं जमलो. आठवडाभर पेटी एका घरी, मग शुक्रवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर दुसऱ्याकडे. हळू आवाजात रोजरीची जपमाळ, मग चहा आणि माझी एक कविता. तुझी बायको म्हणायची, "बावतीसभाऊ, देवाला एवढ्या कविता नाही लागत हो." आता म्हणे चाळीस पेट्या फिरतात. मंगळूरवाले, मल्याळी, फिलिपिनो. दूर दुक्मच्या कामगार कॅम्पातल्या पोरांकडेही एक आहे. फादर म्हणतात, हे रोप लोकांनीच लावलं आणि लोकांनीच वाढवलं.

पण ते कशावर वाढलं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्या वहीवर. ज्या घरी पेटी, त्या घरातल्या प्रत्येकाने वहीत आपलं मागणं लिहायचं, दुसऱ्याचं पान उलटायचं नाही, आणि ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटला की वही त्यात सोडायची. हा नियम तूच घातलास. परमुलखात माणसाला बोलायला जागा नसते, बायकांना तर नाहीच. ती जागा तू दिलीस. दरवर्षी तू वही सोडायचास आणि आम्ही खाकी पुठ्ठा जळताना बघायचो. शेजारी उभी माझी एस्तेर माझा हात घट्ट धरायची. मला वाटायचं, भक्तीने.

स्मरणिकेच्या बाराव्या पानावर वहीच्या एका पानाचा फोटो आहे. खाली इंग्रजीत भाषांतर. माझ्या नातीने ते मोठ्याने वाचून दाखवलं; मराठी अक्षर तिला लागत नाही. मला इंग्रजीची गरज नव्हती. पानाच्या डोक्यावर छोटा क्रूस काढून, अक्षरं उजवीकडे कलती लिहिणारी बाई आपल्यात एकच होती.

"माऊली, या वेळी यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढू देऊ नकोस. मला वसईला जायचंय. यांना कळू देऊ नकोस."

नात विचारत होती, आजोबा, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, असेल कुणीतरी. सून शीला स्वयंपाकघरात होती. तिनेही ऐकलं असणार.

तू फोनवर म्हणालास, "अरे, नाव कुठे टाकलंय? जाळायला हात धजला नाही रे, इतिहास आहे तो." म्हणजे तू वसईला परतेपर्यंतची अठरा वर्षं आमच्यासमोर जळत होत्या त्या कोऱ्या वह्या. आम्ही डोळे मिटून हात जोडत होतो आणि खऱ्या वह्या तुझ्या बॅगेत होत्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं की मी पगारवाढीच्या ऐटीत घरी यायचो आणि एस्तेर गोड सांदणं करायची. मला वाटायचं, आनंदाने. माहेरची आठवण काढणाऱ्या सासुरवाशिणीची कविता मी चालीवर म्हणायचो, माझेच डोळे भरायचे, आणि ती समोर बसून कप गोळा करायची. सात वर्षांपूर्वी तिला इथल्याच वाळूत ठेवलं. मी वसईला परत आलो नाही तो तिच्यासाठीच. तिला इथे एकटी कशी सोडू, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तूही माझी पाठ थोपटली होतीस.

खूप रागावून हे लिहायला बसलो होतो, एल्यास. वह्या परत मागणार होतो. पण आता दुसरंच मागतो. सगळ्यात शेवटची वही काढ, ती आजारी पडली त्या वर्षाची. तो क्रूस शोध आणि बघ, तेव्हाही ती तेच मागत होती का. नियम तू एकदा मोडलाच आहेस, आता माझ्यासाठी आणखी एकदा मोड. जे असेल ते कळव, गोड करून सांगू नकोस. मग सगळ्या वह्या जाळ. या वेळी खऱ्या.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
बावतीस