ठमीचा रुसवा

३ नोव्हेंबर, गुरुवार
ठमी आज पुन्हा बंद पडली! मोठ्या चौकाच्या अलीकडे, भर दुपारी. अठरा वर्षांची गाडी, ठेंगणी-ठुसकी, म्हणून मीच ठेवलेलं नाव — आता नखरेही तसेच. दोघा वाटसरूंनी ढकलली. अक्काकडे जाणं राहिलंच. कंबरेचं हाड मोडल्यापासून माझी थोरली बहीण गुरुवारची वाट बघत खिडकीशी बसते. फोनवर म्हणाली, "तुमची गाडी माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेय."

४ नोव्हेंबर
हे म्हणतात, पुरे झालं, भंगारात देऊ. मग मी अक्काकडे कशी जाणार? दोन बस आणि पुढे चढ, आणि दर आठवड्याला रिक्षा परवडायची नाही. माझे गुडघे चढाला केव्हाच रामराम करून बसलेत. महिनाभर मुदत मागून घेतली. मोडीत काढायचं तर आम्हा दोघांनाही काढावं लागेल, असं सुनावलं. हसले नाहीत.

१० नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा! पुन्हा तिथेच! मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून नाम घेत होते — तो चौक आला की मला धडकीच भरते. डोळे उघडले तर गाडी थांबलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि हे स्टिअरिंगकडे बघत बसलेले. माघारी आलो. जप वाढवावा म्हणते.

१२ नोव्हेंबर
गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॅटरी बघितली, तारा बघितल्या, पेट्रोलची नळी फुंकली. मग स्वतः चालवत चौकापलीकडे फिरवून आणली. कुठेही अडली नाही! मला म्हणाले, "काकू, माझ्या हातात अगदी सुनेसारखी वागते." मी म्हटलं, सून पाहुण्यांसमोर सगळ्यांचीच चांगली वागते. खूप हसले. दुरुस्ती नाही तर पैसेही नकोत म्हणाले. भला माणूस.
जाताना एक काम सांगितलं. पुढच्या खेपेला बंद पडताना स्टिअरिंगमागच्या पट्टीवरचा कोणता दिवा आधी लागतो, ते नीट बघायचं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार
ह्यांना सकाळपासून डोकेदुखी. निघालोच नाही. अक्काला फोनवर भजन म्हणून दाखवलं. तिने सुरात सुधारणा सुचवली.

२३ नोव्हेंबर
मनात खटका. डोळे उघडे ठेवून घेतलेलं नाम देवाला पोचतं का? सकाळी पूजेच्या वेळी त्यालाच विचारलं. नाही म्हणाला नाही. उद्या अक्कासाठी मऊ भात न्यायचाय.

२४ नोव्हेंबर, गुरुवार
निघालो. मी नाम चालू ठेवलं आणि डोळे टक्क उघडे. चौक दिसू लागला. ह्यांच्या कपाळावर घाम. मी दिव्यांवर नजर लावून बसले.
दिवा आधी लागलाच नाही. ह्यांचा हात गेला. किल्लीवर. किल्ली फिरली, मगच गाडी बंद पडली.
"बघ, पडली परत बंद," हे म्हणाले.
चाळीस वर्षांत हे माझ्याशी खोटं बोललेले मला ठाऊक नाही. निदान पकडलेलं तरी नाही. रिक्षा करून एकटीच अक्काकडे गेले. तिला भात भरवला, पण लक्ष कुठे होतं! घरी आल्यावर ह्यांना चहा दिला, समोर ठेवला आणि उठून गेले. एवढा राग मला शोभत नाही. पण आलाय.

२५ नोव्हेंबर
सकाळी सरळ विचारलं. हातातला कप फिरवत म्हणाले, "लांबचं सगळं पांढरं दिसतं गं. तू शेजारी बसलेली असतेस. समोरून कोण येतंय ते कळत नाही, आणि तुला घेऊन मी तो चौक कसा ओलांडू?"
डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू — दोन्ही डोळ्यांत. काढता येतो! भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. परतताना मोटार शिकवणाऱ्या बाईंकडे नाव घातलं. माझं.