गाडीत पिकत घातलेले चिकू

बुधवार, संध्याकाळ

तलासरीला जाताना डॅशबोर्डवर एकदम चार दिवे लागले. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टेअरिंग. एकाच वेळी चार रोग कसे होतील? नेमकं उद्याच आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वलसाडला न्यायचंय.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. आत कुरतडलेल्या वायरी आणि उंदरांनी ओढून नेलेला पेंढा. "भाई, गाडीत खायचं काय ठेवता?"

चिकू. डॉक्टरांना द्यायचे म्हणून आईनेच पेंढ्यात घालून डिकीत ठेवलेले. बंद गाडीत लवकर पिकतात म्हणे.

गाडी त्याच्याकडेच राहिली, उद्यापर्यंत होणार नाही. लग्नसराईत दुसऱ्या कुणाची मिळत नाही. चिकू घेऊन रिक्षाने घरी आलो. ते चार दिवे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. आईला सांगू कसं?

आईने एक चिकू दाबून पाहिला. "झाले बघ मऊ. उद्या बरोबर होतील."

मी हो म्हणालो. गाडीविना रिकामं अंगण तिला दिसतच नाही.